दोन्हीकडची भीती

आमच्या खटाव तालुक्यात कुणाला नवीन गोळी सुरू झाली, की शेजारीपाजारी पहिली चौकशी करतात ती आजाराची नाही, गोळीची. "गोळी गरम तर न्हाई नव्हं?" गरम म्हणजे काय हे कुणी फोड करून सांगत नाही, पण सगळ्यांना कळतं. तोंड येणं, पोटात आग पडणं, अंगावर पुरळ उठणं, झोप उडणं, सगळं त्या एका शब्दात बसतं. आजार आपल्या अंगातला असतो म्हणून तो घरचा वाटतो. गोळी बाहेरून आलेली, म्हणून तिच्यावर पाहुण्यासारखी नजर. घरचा माणूस कणगी रिकामी करील असं आपल्या मनात येत नाही, पाहुण्याची पिशवी मात्र चाचपून बघावीशी वाटते.

गेली 7 वर्षं मी रक्त पातळ करायची गोळी घेतोय. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, बाकीचं आयुष्य ज्वारी, घेवडा आणि कांद्यात गेलं. पण या एवढ्याशा गोळीनं मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा कुठल्या कीर्तनकारानं लावला नाही. हा विचार औषधाचा कमी आणि माणसाच्या वागण्याचा जास्त आहे, म्हणून तो या पुस्तकात मांडतोय. माझं वाचून कुणी गोळी सुरू करू नये आणि बंदही करू नये. त्यासाठी ज्याचा त्याचा डॉक्टर आहे.

आधी माझं दुखणं सांगतो. माझ्या काळजाचे ठोके बेताल पडतात. ढोलकीवाल्याचं लक्ष उडालं की ठेका कसा मागं-पुढं होतो, तसं. दुखत काहीच नाही. काळजाच्या वरच्या कप्प्यानं दर ठोक्याला आवळून रक्त खाली ढकलायचं असतं, ते न करता तो नुसता थरथरत राहतो. शेतकऱ्याला हे समजायला चित्र काढावं लागत नाही. दारं धरताना पाटातलं पाणी वाहतं असलं की स्वच्छ असतं. कुठं कोपऱ्यात तुंबलं की शेवाळ धरतं. तसं त्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त तुंबतं, साकळतं, गुठळी होते. ती सुटून मेंदूकडं गेली की माणूस बसल्या जागी लुळा पडतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम म्हणून गाव आहे, तिथल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी करून 1978 साली डॉक्टरांनी छापलं, की ठोके असे बेताल झालेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त असतो. मला त्यात रक्तदाब आणि साखर. सातारच्या डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "काका, गोळी घ्यावी असं माझं मत आहे. पण तिचे धोके ऐकून घ्या, आणि घरी बोलून ठरवा."

घरी बोलायचं म्हणजे आमच्या मंडळींशी बोलायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं, नगं ती गोळी. त्यांचं काय झालं बघितलं न्हाई का?"

ते कोण, हे आमच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक. वरच्या आळीतले एक आप्पा. वयानं माझ्यापेक्षा 10 वर्षांनी मोठे. तेही हीच गोळी घ्यायचे. गुडघे दुखतात म्हणून बाजारच्या दिवशी कुणीतरी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या आठवडाभर वरून खाल्ल्या. पोटात आतल्या आत रक्त वाहायला लागलं. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, ते लाजेनं कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडले आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले. मयतीला आलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता, "गोळीनं खाल्ला बिचाऱ्याला."

आता दुसरे. आमच्या बांधाला बांध असलेले नाना. त्यांचेही ठोके असेच. त्यांनाही हीच गोळी सांगितलेली. त्यांनी घेतली नाही. एका सकाळी चहाची बशी हातातून गळाली, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर 6 वर्षं ते पडवीत बाजेवर होते. त्यांच्या बायकोनं 6 वर्षं त्यांची कूस बदलली, हगणं-मुतणं काढलं. लेकरानं कॉलेज सोडलं, 2 म्हशी गेल्या, अर्धा एकर गहाण पडलं. नाना गेले तेव्हाही आम्ही सगळे मयतीला होतो. तिथं मात्र कुणी म्हणालं नाही, की "गोळी न घेतल्यानं खाल्ला." तिथं सगळे म्हणाले, "नशिबाचे भोग. सुटला बिचारा."

माझा सगळा विचार या दोन मयतींच्या मधल्या अंतराचा आहे. आप्पांच्या मरणाला आम्ही गुन्हेगार शोधला, नानांच्या मरणाला नशीब शोधलं. खरं तर दोघांच्याही दुखण्याचं मूळ एकच, आणि दोघांपुढं वाटाही त्याच दोन होत्या. एकानं काहीतरी केलं आणि त्यातून वाईट झालं. दुसऱ्यानं काही केलं नाही आणि त्यातून वाईट झालं. करून झालेल्या वाईटाचा दोष असतो, आणि न करून झालेल्या वाईटाचा नसतो, असं आपण मनात धरून बसलोय. ते खरं आहे का?

हे फक्त आम्हा अडाण्यांचं आहे असं मला वाटायचं. पण माझा पुतण्या औषधनिर्माणशास्त्र शिकलाय, त्यानं एक गोष्ट सांगितली. कॅनडातल्या ऑंटॅरिओ प्रांतात डॉक्टरांचाच अभ्यास झाला, तो 2006 साली छापून आला. ज्या डॉक्टरचा एखादा रोगी या गोळीनं रक्तस्राव होऊन दवाखान्यात गेला, तो डॉक्टर पुढच्या रोग्यांना ही गोळी लिहायला कचरायला लागला. पण ज्या डॉक्टरच्या रोग्याला गोळी न दिल्यानं पक्षाघात झाला, त्याच्या लिहिण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे एवढं शिकलेल्या माणसांच्या मनातही तीच आमच्या मयतीची चावडी भरलेली. आपल्या हातून रक्त सांडलं तर झोप लागत नाही, रोगानं सांडलं तर लागते.

या गोळीचा जन्मही गोठ्यातच झालाय. 1920 च्या आसपास अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागात गाई-बैल अचानक मरायला लागले. शिंगं कापली, खच्ची केलं, कुठं जरा खरचटलं, की रक्त थांबायचंच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी शोध लावला, की स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरशी लागलेला असला की हे होतं. आपल्याकडच्या लसूणघासाच्या गोत्यातलाच तो चारा. दिवस मंदीचे, शेतकऱ्याजवळ दुसरी वैरण घ्यायला पैसा नाही, मग नासलेलीच वैरण घातली जायची. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी घेऊन निघाला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त, आणि 45 किलोभर नासलेला चारा. सुमारे 300 किलोमीटरवरच्या मॅडिसन गावी विद्यापीठात कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञापुढं त्यानं ते सगळं ठेवलं. लिंक त्याला एवढंच सांगू शकला, की हा चारा घालू नकोस, आणि जमलं तर आजारी जनावराला दुसऱ्या जनावराचं रक्त दे. गडी तसाच परत गेला. पण लिंक आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी 6 वर्षं खपून 1939 साली त्या चाऱ्यातलं विष वेगळं काढलं. त्याच्याच कुळातलं वॉरफरिन 1948 साली बाजारात आलं, ते उंदीर मारायचं औषध म्हणून. 1951 साली अमेरिकेच्या सैन्यातल्या एका तरुणानं जीव द्यायला म्हणून ते खाल्लं आणि उपचारानं तो वाचला. तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की याला उतारा आहे, म्हणजे हे माणसालाही मापात देता येईल. 1954 साली ते माणसाचं औषध झालं, आणि 1955 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं.

मी घेतो ती गोळी ॲसिनोकुमारॉल, त्याच खानदानातली. आणि आपण उंदरांसाठी बिळात टाकतो त्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्याही त्याच खानदानातल्या. हे ऐकून आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. "म्हंजी तुमास्नी उंदराचं औषध देत्यात!" मी म्हणालो, "अगं, मीठसुद्धा पोतंभर खाल्लं तर माणूस मरतो." पण तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एकाच वस्तूनं उंदीर मरतो आणि माणूस तगतो, तर मग ती वस्तू चांगली की वाईट? माझं उत्तर असं, की वस्तूत चांगलं-वाईट नसतं. ते मापात असतं, आणि माप धरणाऱ्याच्या हातात असतं. म्हणजे गोळी घ्यायची ठरवली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

"रक्त पातळ होतं" हे बोलायला सोपं पडतं, पण तसं होत नाही. गोळी दुधात पाणी घालत नाही, ती विरजण कमी करते. रक्त गोठायला जे विरजण लागतं ते आपली लिव्हर तयार करते, त्याला के जीवनसत्त्व लागतं. गोळी त्या कामात अडथळा आणते, म्हणून रक्ताचं दही लागायला उशीर लागतो. किती उशीर, हे रक्त तपासून मोजतात. त्याला आयएनआर म्हणतात. धडधाकट माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो, माझा 2 ते 3 च्या मध्ये ठेवायचा असतो. 2 च्या खाली आला तर गुठळीची भीती, 3 च्या वर चढत गेला तर रक्ताची भीती. आमच्या गल्लीएवढी अरुंद वाट, एका बाजूला आड आणि दुसऱ्या बाजूला विहीर. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर, म्हणून आज मेथी-पालक भरभरून खाल्ला आणि मग महिनाभर तोंडाला लावला नाही, असं चालत नाही. रोज सारखा खाल्ला तर चालतो. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. दुसऱ्या दुखण्याच्या काही औषधांनी आकडा एकदम चढतो, म्हणून दर डॉक्टरला आधी सांगायचं, "मी ही गोळी घेतो." आणि आपल्याकडं तर "सुई द्या" म्हटल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. माझ्यासारख्याला दंडात-कुल्ल्यात सुई टोचली तर मांसात रक्त साचून गाठ होऊ शकते. एकदा तापात मी सुई नको म्हणालो तर शेजारचा म्हणाला, "मग आलाय कशाला?"

आता धोक्याचं वजन करायचं म्हणजे आकडे हवेत. 1994 साली 5 मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब छापला गेला. ठोके बेताल असलेल्या, पण काळजाच्या झडपा शाबूत असलेल्या 100 माणसांत गोळी न घेता वर्षाला साडेचार जणांना पक्षाघात व्हायचा. गोळी घेतल्यावर दीडपेक्षा कमी जणांना. मोठा रक्तस्राव गोळीशिवाय 1 जणाला, आणि गोळी घेतल्यावर 1.3 जणाला. हा हिशेब डॉक्टरांनी मला सांगितला तेव्हा मी म्हणालो, "मग विचार कसला करायचा?" तर ते म्हणाले, "काका, त्या चाचण्यांतल्या लोकांवर रोज कुणाचं तरी लक्ष होतं. तुमच्यावर कोण ठेवणार?"

मला हे डॉक्टर आवडले ते या एका वाक्यासाठी. कारण धोका नुसता गोळीत नसतो, तो अंतरातही असतो. पुण्यात माझा मुलगा राहतो. त्याच्या बिल्डिंगीखालच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की दुपारी मोबाईलवर आकडा येतो. माझ्या वस्तीवरून रक्त द्यायचं म्हणजे पहाटेची एसटी, अर्धा दिवस, आणि मजुरीवर जाणाऱ्याचा तर त्या दिवसाचा रोज बुडाला. मग तो म्हणतो, या महिन्यात राहू दे. राहू दे, राहू दे करत 6 महिने जातात, आणि मग गोळी म्हणजे डोळे बांधून चालवलेली गाडी होते. रात्री 2 वाजता नाकातून रक्त सुरू झालं तर मुलाला 10 मिनिटांत दवाखाना. आमच्या वाडीतल्या माणसाला आधी गाडी असलेला माणूस उठवावा लागतो. गोळी तीच, माप तेच, पण शहरात तिचं वजन वेगळं आणि वाडीवर वेगळं. म्हणून गरिबानं गोळी नाकारली तर त्याला लगेच अडाणी म्हणू नये. तो कदाचित आपल्यापेक्षा नीट हिशेब करत असेल. आता नव्या गोळ्या आल्यात, त्यांना महिन्याचं रक्त तपासावं लागत नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाणही त्यांत कमी आहे. पण मी सुरुवात केली तेव्हा त्या माझ्या खिशाला झेपणाऱ्या नव्हत्या. पुढं माझा आकडा वाटेवर बसला, म्हणून डॉक्टरांनी जुनीच चालू ठेवली.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. करणं आणि न करणं.

शेतकऱ्याला हा प्रश्न दर मृगाला पडतो. पाऊस एक झाला, दुसरा होईल का माहीत नाही. पेरावं तर बी मातीत जाईल, न पेरावं तर वाफसा जाईल. बी वाया गेलं की लोक म्हणतात, घाई केली. वाफसा गेला की कुणी काही म्हणत नाही, कारण न उगवलेलं पीक कुणाला दिसत नाही. पण वर्षाच्या शेवटी कणगीत दोन्हीचा हिशेब सारखाच पडतो. न पेरणं हीसुद्धा एक पेरणीच आहे, तिला फक्त रान मोकळं दिसतं एवढंच. गोळी न घेणं हे म्हणून "काही न करणं" नाही. तो दुखण्याच्या बाजूनं दिलेला कौल आहे. कौल देताना माणसानं डोळे उघडे ठेवले तर तो कौल त्याचा, मिटले तर तो नशिबाचा. माझ्या मते फरक असेल तर तो करण्यात आणि न करण्यात नाही, बघून ठरवण्यात आणि न बघता ठरवण्यात आहे.

तरीही आमच्या मंडळींच्या बोलण्यात एक खरं होतं, आणि ते मला आकड्यांत कुठं सापडलं नव्हतं. ती म्हणाली, "रोगानं काय झालं तर मी देवाला बोल लावीन. मी हातानं दिलेल्या गोळीनं झालं तर कुणाला लावू?" रोज संध्याकाळी गोळी तीच काढून देते. करण्याचा दोष जास्त वाटतो त्याचं कारण हे आहे, की करणाऱ्याला हात असतो, आणि त्या हाताला आयुष्यभर स्वतःकडं बघावं लागतं. डॉक्टरालाही असाच हात असतो. हे भय खोटं म्हणून झटकून टाकणं बरोबर नाही. पण मी तिला म्हणालो, "आणि नानांच्या बायकोचे हात? ते 6 वर्षं कशात होते?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुमी मेलासा तर मी रडीन. पडलासा तर मी करीन. पर तुमास्नी काय बघवंल ते तुमी सांगा."

मी सांगितलं, की मला मरणाची भीती आहे, पण पडून राहण्याची जास्त आहे. वाचा जाणं, बायकोला ओळखून नावानं हाक मारता न येणं, हे मला रक्त जाण्यापेक्षा भयंकर वाटतं. पुढं कळलं, की मी एकटाच असा नाही. 2001 साली छापलेल्या एका अभ्यासात डॉक्टर आणि रोगी दोघांनाही विचारलं होतं. पक्षाघात टळावा म्हणून रक्तस्रावाचा धोका पत्करायला रोगी डॉक्टरांपेक्षा जास्त तयार होते. म्हणजे आकडे डॉक्टरनं सांगावेत, पण कुठल्या भीतीला किती वजन, हे ज्याच्या अंगावर ती पडणार आहे त्यानंच सांगावं.

हे मी आमच्या भावकीतल्या एका सुनेकडून शिकलो. लहानपणी तिचा घसा वरचेवर धरायचा, सांधे सुजायचे, कुणी मनावर घेतलं नाही. त्या तापानं काळजाची झडप खराब केली. लग्नानंतर 2 वर्षांनी ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसवली. टीटीके चित्रा नावाची, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली, 1990 साली पहिल्यांदा माणसाला बसवलेली देशी झडप. परदेशी झडपेपेक्षा ती स्वस्त, म्हणून गरिबाची लेक वाचली. पण असल्या झडपेला ही गोळी जन्मभर, तिथं नव्या गोळ्याही चालत नाहीत. मग मुलाचा प्रश्न आला. ही गोळी पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाला इजा करू शकते. बंद करावी तर झडपेवर गुठळी बसून बाईच जायची. मधल्या काळात दुसरी इंजेक्शनं देता येतात, पण त्यालाही धोका आहेच आणि मोठ्या दवाखान्याचं सतत लक्ष लागतं. आमच्या भावकीची बैठक बसली. सासू बोलली, दीर बोलला, मामा बोलला, मीही बसलो होतो. वंशाचं वजन किती, हे सगळे सांगत होते. ती चुलीपाशी होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "मला जगायचंय." तेवढ्यावर प्रश्न मिटला. आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे, गावातली पन्नासेक पोरं तिला आई म्हणतात. दुसरी एखादी बाई इंजेक्शनं घेऊन मूल व्हायचा धोका पत्करील, आणि तिचंही बरोबर असेल. तराजू कुणाच्या हातात होता, एवढंच बघायचं.

एकदा ठरवलं की कायमचं ठरलं, असंही नाही. पीक बघून पाणी बदलावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला गोळी देऊ नये, पडला तर मेंदूत रक्त होईल, असं लोक म्हणतात. त्यावरही कॅनडातल्या डॉक्टरांनी 1999 साली गणित मांडलंय. पक्षाघाताचा धोका असलेला म्हातारा वर्षात सुमारे 295 वेळा पडला, तरच निव्वळ पडण्याच्या भीतीपोटी गोळी नाकारणं हिशेबात बसतं. हे मी घरी सांगितल्यावर मंडळी म्हणाली, "295 बारी पडशीला तर घरात नीट चालणार कोण?" पण उद्या माझी किडनी बिघडली, पोटात व्रण निघाला, किंवा गोळी घेतली की नाही हेच ध्यानात राहीना, तर पारडं फिरेल. तेव्हा पुन्हा बसायचं, पुन्हा मोजायचं. दर दिवाळीनंतर डॉक्टरांपुढं बसून मी तेच विचारतो, "अजून घेणंच बरं का?" ते हसत नाहीत, वही उघडतात.

मुलाला आणि मंडळींना मी एक गोष्ट सांगून ठेवलीय, आणि ती इथं लिहूनही ठेवतो. खुरपं लागलं आणि रक्त थांबलं नाही, किंवा रात्रीत डोक्यात रक्त झालं आणि मी गेलो, तर मयतीत कुणी "गोळीनं खाल्ला" म्हणायला लागलं की त्याला थांबवायचं. डॉक्टरच्या दारात जाऊन आरडाओरडा करायचा नाही. रोज संध्याकाळी पाण्याच्या तांब्यासोबत गोळी काढून देणाऱ्या बाईच्या हाताकडं तर कुणी बघायचंसुद्धा नाही. दोन्हीकडची भीती मी बघितली होती, आणि त्यातली एक मी निवडली होती. दोष द्यायचाच झाला तर तो मला द्यावा, कारण निवड माझी होती.